ताटीआडचा ऐकणारा

१

अच्युत डबीरचा दवाखाना भर दुपारी चालायचा, आणि तोही मागच्या दाराने. यात त्याची स्वतःची काही हौस नव्हती.

पुढच्या दारावर त्याने मोठ्या उमेदीने पाटी लावली होती, ‘डॉ. अ. के. डबीर, मनोविकारतज्ज्ञ’. मुंबईहून शिकून वर्ध्याला परतला तेव्हाची ती उमेद. गावाने पाटी वाचली, मान डोलावली आणि आपापसात त्याचं नाव ‘वेड्याचा डॉक्टर’ ठेवून टाकलं. आता वेड्याच्या डॉक्टराकडे चारचौघांदेखत कोण जाणार? घरात लग्नाची मुलगी असते, भाऊबंद टपलेलेच असतात. म्हणून लोकांनीच वाट शोधली. घराच्या मागे एक अरुंद बोळ होता. उन्हाळ्यात जेवणं आटोपून, दारं लावून गाव आडवं झालं की या बोळातून माणसं यायची, डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून. वर्ध्याच्या उन्हात तोंड झाकलेल्या माणसाला कोणी ‘कोण रे तू’ म्हणून विचारत नाही. उन्हाळ्यात पडलेली ही रीत मग बाराही महिने चालू राहिली.

त्याचं काम ऐकण्याचं. पेशंटच्या पाठीमागे, जरा बाजूला बसायचं आणि ऐकायचं. मधूनच ‘हं’ म्हणायचं, फार तर ‘मग?’. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, आपलं काही सांगायचं नाही. मुंबईच्या गुरूंनी हे त्याच्या हाडीमाशी भिनवलं होतं. त्याची बायको मीरा चेष्टा करायची, “तुमच्या खुर्चीवर नुसतं उपरणं टाकून ठेवलं ना, तरी लोक बोलतील हो!” तो हसायचा. चेष्टा खोटी नव्हती.

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये फ्लू आला. आधी मद्रासला आल्याचं वर्तमानपत्रात आलं, मग मुंबईला, मग नागपूरला, आणि मग एके दिवशी शेजारच्या घरातच कण्हणं ऐकू येऊ लागलं. म्हातारे म्हणाले, अठरा सालच्या साथीची ती मानमोडी परत आली. तेवढी भयंकर काही ती साथ नव्हती. बहुतेक लोक आठवडाभर अंथरूण धरून उठत होते. पण सगळे उठत नव्हते. जे उठले नाहीत त्यांची माणसं, साध्या डॉक्टरांची औषधं संपली की, दुपट्टा गुंडाळून बोळातून अच्युतकडे येऊ लागली.

तोंडाजवळ तोंड नेऊन बोलू नका, असं सरकारी माणसं सांगत फिरत होती. दवाखाना बंद ठेवावा असं त्याच्या मनात आलं. पण मागच्या दाराशी उभं राहिलेल्या माणसाला ‘परत जा’ म्हणायला जीभ रेटेना. शेवटी मीरानेच तोड काढली. मागची पडवी आणि त्याची खोली यांच्यामधल्या दारात तिने वाळ्याची ताटी बसवून घेतली. पेशंट पडवीत बसणार, डॉक्टर आतल्या खोलीत, मध्ये वाळ्याच्या मुळांचा ओला जाड पडदा. घरकामाला येणारी जयवंता पडवीच्या बाजूने ताटीवर पाणी मारायची. आत अंधार, गारवा आणि वाळ्याचा वास. पाऊस लांबलेला, बाहेर उन्हाची धग. पेशंटच्या वाट्याला उकाडा आणि आपल्या वाट्याला गारवा, हे अच्युतला बरं वाटत नसे, पण तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या मिनिटाला माणूस बोलायला लागायचा आणि हे सगळं विसरून जायला व्हायचं.

२

यशोदा बोरगाव मेघेहून यायची. तिचा नवरा श्रावण कापसाच्या जिनात कामाला होता. तो तिला बोळातून पडवीपर्यंत आणून सोडायचा आणि स्वतः बोळाच्या तोंडाशी निंबाखाली उभा राहायचा. पहिल्या दिवशी अच्युतने त्याला आत बोलावून विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, “साहेब, दोनदा विहिरीच्या काठावरून आनली तिले. माही बायको मले पाह्यजे. जशी असन तशी.”

जूनच्या सुरुवातीला ती नागपूरला मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती, लेकीला घेऊन. येताना ताप घेऊन आली. तिचा ताप निघाला. मग लेकीला चढला, तो निघाला नाही.

“मीच आनला न जी तो तिच्यासाठी,” यशोदा ताटीपलीकडून म्हणायची. “लग्नातून सारे लाडू आनते, मी हे आनलं.”

“हं,” अच्युत म्हणायचा.

“सुलोचना नाव ठेवलं होतं. मोठं नाव. तिले म्हनता नाई ये. सुचना म्हने ती सोताले.”

“मग?”

“जिनाचा भोंगा झाला का तिले भेव वाटे. अन् सोताचे नाई, माहे कान झाके. आता भोंगा झाला का मले वाटते, जीव देऊन टाकावं.”

रोज हेच, ह्याच शब्दांत. ऐकणं हे काम आहे खरं, पण ऐकलेलं जातं कुठे? दिवसभरात त्याच्याकडे कितीतरी मेलेली माणसं येऊन बसत. कोणाची आई, कोणाचा जावई, कोणाची ही सुलोचना. रात्री ताटात भात वाढला की त्याला आठवायचं, की अमक्याच्या आईला शेवटच्या दिवशी भातच हवा होता. तो फार थकला होता, आणि थकलो म्हणायला त्याच्या धंद्यात कोणी नसतं.

त्या दुपारी यशोदा बोलत असताना त्याचा डोळा लागला. खुर्चीतच मान छातीवर आली. लाज वाटण्यासारखी गोष्ट होती, पण लागला खरा. किती वेळ गेला कोण जाणे. जागा झाला तो एका आवाजाने.

“हं.”

त्याच्या अगदी जवळून. ताटीच्या अलीकडून.

पलीकडे यशोदा बोलतच होती. तिच्या आवाजात नेहमीचा तो कढ नव्हता. कोणी नीट ऐकून घेतंय म्हटल्यावर माणूस बोलतं तशी ती बोलत होती. अच्युतने खोलीभर पाहिलं. मेज, पुस्तकांचं कपाट, पाण्याचा माठ. मग त्याने स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला. झोपेत आपणच म्हणालो असू. इतकी वर्षं म्हणतोय, तोंडाला सवय झाली असेल. ठिबकणारी ताटी, अर्धवट झोप, कानाला काय वाटेल ते वाटतं.

जाताना यशोदा म्हणाली, “आज बरं वाटलं डॉक्टरसाहेब. आज तुमी आयकलं.”

हे त्याला लागलं. इतके दिवस काय करत होतो मग?

३

दोन दिवसांनी तो स्वतःच आडवा झाला. ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. मीराने पुढच्या दारावर ‘दवाखाना बंद’ अशी पाटी टांगली आणि त्याच्या उशाशी बसून राहिली. पुढच्या दारावर! तापात त्याच्याही लक्षात आलं नाही, आणि तिच्याही.

दुपारी ग्लानीत त्याला मागच्या बाजूने कुजबुज ऐकू यायची. एकजण बोलतोय, बराच वेळ. मध्येच थांबतोय. परत बोलतोय.

“मागे कोणी आहे का ग?” त्याने विचारलं.

मीराने कान दिला. “कोणी नाही. ताटीचं पाणी ठिबकतंय.”

“बंद खोलीच्या ताटीवर पाणी कोण मारतंय?”

“जयवंता मारत असेल सवयीने. तुम्ही झोपा बरं.”

तो झोपला. झोपेतही ते बोलणं चालूच राहिलं, आणि नवल म्हणजे त्याला त्याची भीती नाही वाटली. उलट सुटल्यासारखं वाटलं. आज आपल्याला ऐकावं लागत नाहीये, एवढंच त्याला कळत होतं.

ताप उतरला तेव्हा पहिल्यांदा भिंत धरून तो मागे गेला. जयवंता पडवी झाडत होती. त्याला बघून तिने झाडू खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बाईले सांगू का मी? एवढा ताप असताना कायले बसत होते जी तुमी कामाले?”

“कोण बसत होतं?”

“आता घ्या! तुमी नाई त कोन? रोज लोकं येऊन राह्यले होते. आतून तुमी ‘हं’ म्हनत होते, म्या आपल्या कानानं आयकलं. म्हून त मी पानी मारलं ताटीवर. म्हटलं तापाचं मानूस आत बसलं हाय, जरा गार वाटन.”

अच्युत भिंतीला टेकला. तापात माणूस उठून चालतो, कामं करतो आणि त्याला पुढे काही आठवत नाही, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, एका पेशंटमध्ये पाहिलंही होतं. तसंच झालं असणार. दुसरं काय असणार? फक्त मीरा सारखी उशाशी होती, आणि मीराला विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं.

तो आतल्या खोलीत गेला. बंद खोलीला असतो तसा कोंदट वास असायला हवा होता, पण नव्हता. त्याने खुर्चीच्या वेतावर हात ठेवला. वेत बसका झाला होता आणि ऊबदार होता.

४

रूपराव पुढच्या दाराने आला. सकाळी, उघड्या डोक्याने, हसत. ह्यातली एकेक गोष्ट अच्युतला खटकली.

रूपराव कचेरीत कारकून. थोरला भाऊ बापूजी, सेलूचा. आईबाप लवकर गेले तेव्हा या बापूजीने शेती राबून धाकट्याला शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न करून दिलं. साथीत बापूजी गेला आणि रूपरावची झोप उडाली. भाऊ आजारी असल्याचा निरोप आला होता, पण कचेरीतून रजा मिळाली नाही आणि हा गेला नाही. पडवीत बसून हा पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायचा.

“कशी काय झोप, रूपराव?” अच्युतने विचारलं.

“ढाराढूर! आता का सांगू डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार झाले. परवा बोल्लो न आपन, तवापासून इतकं हलकं वाटून राह्यलं! छातीवरचा धोंडा कोनी उचलून नेला जनू.”

परवा अच्युत तापाने फणफणला होता.

“बापूजींची आठवण येते का?” त्याने जपून विचारलं.

“कोनाची?”

“बापूजींची. तुमच्या भावाची.”

रूपरावच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. तो मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता, एखाद्या ओळखीच्याने दूरच्या गावच्या माणसाबद्दल विचारावं तसा. “मले कुठी भाऊ? एकटाच हाय मी,” तो म्हणाला. “पन तुमी म्हन्ले म्हून आठवलं. घरी भिंतीवर एका मानसाचा फोटो लागला हाय, हार गिर घातलेला. बायकोले म्हटलं, हा कोन हाय वो बाप्पा? त ती रडाले लागली. बायकांचं काई कळत नाई.”

तो निघून गेला. रस्त्यावर ओळखीच्यांना हाका मारत गेला. वेड्याच्या डॉक्टराकडून बाहेर पडताना आपल्याला कोणी पाहील, याचीही त्याला आता पर्वा नव्हती.

धक्का बसला की माणूस विसरतो. विस्मृतीवर अच्युतने परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण त्या विसरण्यात एक खळगा राहतो. माणूस त्याच्या कडेकडेने चालतो, दचकतो, विषय टाळतो. रूपराव काहीच टाळत नव्हता. आत टाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग त्याला यशोदा आठवली. त्या दिवशी, डोळा लागला होता तेव्हा, यशोदाने काय सांगून टाकलं असेल?

५

ऊन चढल्यावर, कोणी यायच्या आधी, त्याने एक गोष्ट केली. तो पडवीत जाऊन पेशंटच्या खुर्चीवर बसला.

इतक्या वर्षांत तो त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. इथून ताटी किती काळी दिसते, हे त्याला आज कळलं. मुळांमधून पाणी निथळत होतं. आतली खोली रिकामी होती, आत्ताच त्याने स्वतः पाहिली होती, आणि दुसऱ्या दाराला बाहेरून कडी लावली होती. एक डॉक्टर, शिकलेला माणूस, भर दुपारी आपल्याच घरात ताटीकडे बघत बसलाय, याचं त्याला हसूही आलं.

आत वेताची खुर्ची करकरली.

कोणी ऐकण्यासाठी पुढे वाकलं की करकरते तशी. तो आवाज अच्युतच्या चांगलाच ओळखीचा होता. रोज त्याच्या स्वतःच्याच हालचालीने तो व्हायचा.

उठून पळावं, मीराला हाक मारावी, असं काही त्याच्या मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच की कोणीतरी आपलं ऐकायला बसलंय. किती वर्षांनी! त्याला कळायच्या आत तो बोलू लागला.

“फार थकलो हो मी,” तो म्हणाला. “एक म्हातारी येते. तिचा नातू...”

“हं.”

तो बोलत गेला. काहीतरी खांद्यावरून उतरत होतं, सावकाश, प्रेमाने, आणि आणखी बोलावं, सगळं बोलून टाकावं, असं त्याला वाटत होतं. बोळात कुठेतरी कुत्रं केकाटलं म्हणून तो भानावर आला. तोंड घट्ट मिटून, खुर्ची मागे ढकलून तो उभा राहिला.

म्हातारी कोण ते त्याला आठवेना. नातवाचं नाव आठवेना, तो कशाने गेला ते आठवेना. कोणीतरी म्हातारी होती, एवढंच आत्ता आपल्या तोंडून निघालं होतं म्हणून ठाऊक होतं. त्या पोराला आठवणारी दोन माणसं असतील जगात, त्यातलं एक आत्ता कमी झालं.

आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. भीती वाटत होती ती या बरं वाटण्याची.

६

यशोदाची वेळ झाली तेव्हा तो आतल्या खोलीत, आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. आपण इथे बसलो की त्या ऐकणाऱ्याला बसायला जागा नाही, इतका साधा त्याचा हिशेब होता. दुसरं काही सुचतही नव्हतं. अंगात अजून तापाची कणकण होती.

पडवीत पावलं वाजली. बांगड्या वाजल्या.

“बसली जी मी,” यशोदा म्हणाली.

आणि अच्युतने, आयुष्यात पहिल्यांदा, नियम मोडला. तो बोलला.

“यशोदाबाई, आज तुम्ही मला काही सांगू नका. मी काय म्हणतो ते ऐका. तुमच्या मुलीचं नाव सुलोचना. तिला म्हणता यायचं नाही. ती काय म्हणायची स्वतःला?”

पलीकडे तिची खुर्ची सरकली.

“सुचना म्हणायची. आठवतं ना? भोंगा झाला की ती काय करायची, आठवा बरं. रडू आलं तर येऊ द्या. तुमचा काही गुन्हा नाही. ताप सगळ्या गावात आला होता, तुम्ही आणला नसता तरी आला असता. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तिला सोडू नका. कोणी कितीही गोड ऐकून घेतलं तरी तिला देऊन टाकू नका.”

बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. इतक्या वर्षांचं न बोललेलं सगळं एकदम आल्यासारखं तो बोलत सुटला होता. तो थांबला तेव्हा पलीकडून यशोदाचा आवाज आला, घाबरलेला, खालच्या पट्टीतला.

“तुमी कोन हा?”

“मी डॉक्टर. डबीर.”

“नाई,” ती म्हणाली. “डॉक्टरसाहेब असे बोलत नाईत. ते निस्तं आयकतात.”

“अहो, मीच तो...”

“हं,” कोणीतरी म्हणालं.

तो आवाज अच्युतच्या खोलीतून आला नव्हता. ताटीच्या पलीकडून आला होता, तिच्या बाजूने, तिच्या शेजारून. हळू आणि समजूतदार. आणि यशोदाने सुटकेचा श्वास टाकला, तो त्याने ताटीतून स्पष्ट ऐकला.

“हे पाहा न जी, आतून कोन बोलून राह्यलं,” ती त्या आवाजाला म्हणाली आणि मग हळूहळू, काही हातचं न राखता, सांगायला लागली. लग्न. ताप. लेक.

अच्युत उठला. ताटीला धक्का दिला, ती हलेना. पाण्याने जड झाली होती आणि त्याच्या हातात बळ नव्हतं. दोन्ही हातांनी चौकट धरून त्याने अंगाचा भार टाकला. वरचा एक खिळा उपटून आला, ताटी एका अंगाला कलंडली आणि कोपऱ्यातून भसकन ऊन आत आलं.

त्या तेवढ्या फटीतून त्याला यशोदा दिसली. ती ताटीकडे तोंड करून बसलीच नव्हती. बाजूला वळून बसली होती. तिच्याजवळ, पाण्याची घागर ठेवायच्या तिवईवर, कोणी बसलं होतं. गुडघ्यावर टेकवलेलं कोपर दिसलं. हनुवटीखाली धरावा तसा धरलेला तळहात दिसला. आणि कान दिसला, तिच्या तोंडाजवळ आणलेला. ती त्या कानात बोलत होती आणि तो कान अगदी निश्चल होता. ऐकणाऱ्या माणसाचा कानसुद्धा जरा हलतो, हे अच्युतला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

त्या कानाच्या पलीकडे चेहरा असणार. तिथे नजर जायच्या आधी अच्युतचे डोळे मिटले. अंधारातून एकदम उन्हात पाहिलं म्हणून मिटले, असं तो मीराला पुढे सांगणार होता. ते खरं नव्हतं. डोळे त्याने स्वतः मिटले होते.

उघडले तेव्हा पडवीत यशोदा एकटी उभी होती, पदर सारखा करत.

“किती ऊन झालं जी,” ती म्हणाली. तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. “आता घरी जाऊन सैपाक करतो. माह्या मालकाले भूक लागली असन.”

७

तो तिच्या मागोमाग बोळात आला. श्रावण निंबाखालून पुढे झाला. यशोदा त्याच्याकडे बघून हसली, त्याच्या कपाळावरचा घाम तिने पदराने टिपला आणि “चला न,” म्हणाली. श्रावणच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तू हो पुढं सावलीले,” तो तिला म्हणाला. “मी आलोच.” मग तो अच्युतकडे वळला.

“श्रावण,” अच्युत म्हणाला, “तिला विचारा, सुलोचना कोण म्हणून.”

“कालच इचारलं साहेब.” श्रावणने मान खाली घातली. “त्या दिवसापासून ती थोडी थोडी इसरून राह्यली होती. काल रातच्याला झबलं दाखवलं. म्हने, कोनाच्या लेकराचं हाय, देऊन या ज्याचं त्याले.”

“तुम्हाला कळलं होतं? तरी आज घेऊन आलात?”

“होय. जेवली ती काल. झोपली.” त्याने पुढे सावलीत गेलेल्या यशोदाकडे पाहिलं. “तुमी म्हनता हे बराबर नाई. असन. पन मी विहिरीवरून आनली होती न तिले, तुमी नोते आनली.”

अच्युतने मागे वळून कलंडलेल्या ताटीकडे पाहिलं.

“मी आजपासून दार लावून घेणार आहे,” तो म्हणाला. “ताटी काढून जाळणार आहे.”

“नका लावू साहेब.” श्रावणने एकदम त्याचा हात धरला. हात जिनातल्या कामाने खरखरीत झाला होता. “आता घरात ते पोट्टी फक्त माह्यापाशी हाय. ती हासते, अन् मी तिच्यासमोर बसून एकटा आठवत राह्यतो. कोनापाशी बोलू? कसं व्हईन माह्यानं? मले बी बसू द्या. एक डाव.”

अच्युतने त्याला थांबवायला हवं होतं. पण तो इतका थकला होता, आणि समोरचा माणूस त्याच्याहूनही थकलेला होता. अर्धवट उपटलेल्या ताटीपाशी पडवी सावलीत पडली होती. ताटीवर कोणी पाणी मारलं नव्हतं, तरी खालची फरशी ओली होत होती.

“आधी मला सांगा,” अच्युत म्हणाला. “इथे, उन्हात. सगळं सांगा. मग जा.”

श्रावणने सांगितलं. सुलोचनाच्या डाव्या भुवईत भोवरा होता. ती कढीतला कढीपत्ता वेचून बापाच्या ताटात टाकायची. बैलाला मामा म्हणायची. अच्युत मध्येमध्ये विचारत होता, नीट विचारत होता, कुठला मामा, कोणाचा बैल, आणि सांगताना श्रावण रडला आणि अच्युतही रडला. मग श्रावणने डोळे पुसले आणि तो पडवीत गेला.

आतून बोलण्याचा आवाज येऊ लागला. अच्युतने तिकडे पाठ केली. मीरा स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. अंगात ताप असताना हे उन्हात कशाला उभे, म्हणून ती रागावणार होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून नुसती जवळ येऊन उभी राहिली.

“मीरा, लक्षात ठेव,” तो म्हणाला. “सुलोचना. बोरगावच्या श्रावणची मुलगी. सुचना म्हणायची स्वतःला. बैलाला मामा म्हणायची.”

“कोण ही? आणि तुम्ही पेशंटचं कधी मला सांगत नाही.”

“आता सांगत जाईन. मला एकट्याला नाही जमायचं.”

मीरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच थांबली.

बोळात माणसं होती. या वेळेला एकदोघं यायची, अंग चोरून, भिंतीला धरून. आज रांग होती, पडवीच्या पायरीपासून थेट निंबापर्यंत आणि त्याच्याही पुढे. बाया, बाप्ये, म्हातारे, डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले, एकमेकांशी एक शब्दही न बोलता उभे. रूपराव गावभर हसत हिंडला होता, त्याचं हे फळ असावं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे पडवीकडे बघत होते.

रांगेत पहिली एक म्हातारी होती. अच्युतला बघून ती ओळखीचं हसली. ही आपल्याकडे येते, बरेच दिवस येते, हे तिच्या हसण्यावरून त्याला कळलं. तो तिला ओळखत नव्हता.

त्याने मीराचा हात धरला आणि दोघंही पडवीच्या पायरीवर, भर उन्हात, वाट अडवून बसली.

“थांबा आजी,” तो म्हणाला. “आत जायच्या आधी आम्हाला सांगा. तुमच्या नातवाचं नाव काय होतं?”